जुन्या चेनसॉवर दुसऱ्या कंपनीचा बार: बसतो तर खरा, मग चेन का जळते?

बार (म्हणजे चेन जिच्या कडेने धावते ती पट्टी) नवा, चेन नवी, तेलाची टाकी काठोकाठ भरलेली. तरीही ओला आंबा कापायला घेतला की थोड्या वेळात चेनमधून धूर येतो आणि संध्याकाळी बघावं तर बारच्या कडा निळ्या पडलेल्या असतात. मग पंपावर संशय जातो. पंप खोलतात, वर्म गिअर बदलतात, तेलाची नळी नवी घालतात, आणि पुढच्या ओंडक्याला पुन्हा तेच. पंपाला हात लावण्याआधी एवढंच तपासा की हा बार मशीनबरोबर आलेला आहे की नंतर दुकानातून ‘हा बसतो’ म्हणून आणलेला. नंतरचा असेल तर दोष बहुतेक वेळा पंपात नसतो, बारच्या शेपटात असतो. शेपूट म्हणजे कव्हरखाली जाणारा, स्टडवर (बार आवळायच्या मशीनवरच्या आटेदार खुंट्यांवर) बसणारा भाग.

आमच्या रायगड-रत्नागिरी पट्ट्यात ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. जून २०२० चं निसर्ग वादळ आणि त्यानंतरच्या मे महिन्यातलं तौक्ते, या दोन्हींनी बागा आडव्या केल्या, तेव्हा मिळेल तिथून मशीनं आली. कुणी नवं चिनी ५८०० घेतलं, कुणी लाकडाच्या ठेकेदाराकडून स्टिल कंपनीचं जुनं मशीन, कुणाच्या नातेवाइकाने बाहेरून हस्कवर्ना कंपनीचं वापरलेलं मशीन आणून दिलं. त्यांचे मूळचे बार आता झिजले आहेत. मॉडेल जुनं, मूळ बार मिळत नाही किंवा मिळाला तर मशीनच्या मानाने महाग वाटतो. म्हणून लांबी आणि खाच डोळ्यांनी बघून बार घेतला जातो. बार घेण्याची ही पद्धतच चुकीची आहे, आणि त्यात नुकसान बार-चेनपुरतं राहत नाही. सुटलेली चेन हाताकडे येते.

लक्षणावरून आधी अंदाज बांधा

धूर पहिल्या मिनिटापासून येत असेल, तर तेल बारमध्ये शिरतच नाही. सुरुवातीला ठीक चालून काही दिवसांनी, चेन दोन-चार वेळा ताणून झाल्यावर धूर येऊ लागला, तर तेलाचं भोक अर्धवट जुळतंय. बार पालटल्यावरच (तोच बार उलटा करून खालची कड वर घेतल्यावर) त्रास सुरू झाला, तर एकाच बाजूचं भोक जुळतंय किंवा दुसरं भुशाने बुजलंय. नट घट्ट असूनही प्रत्येक कापणीनंतर चेन सैल पडते, तर खाच स्टडपेक्षा रुंद आहे. कव्हर सपाट बसत नाही, एका कोपऱ्याला फट राहते, तर टेन्शनरची (चेन ताणायच्या स्क्रूची) पिन तिच्या भोकात गेलेलीच नाही. आणि चेनचे ड्राइव्ह लिंक (बारच्या चरीत धावणाऱ्या खालच्या कड्या) एकाच बाजूने घासून चकचकीत झाले असतील, तर बारची खोबण आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) एका रेषेत नाहीत.

शब्दांचा गोंधळ नको म्हणून सांगतो: ‘खाच’ म्हणजे शेपटातली स्टड जाण्याची लांबट फट, आणि ‘खोबण’ म्हणजे बारच्या कडेने फिरणारी, चेन जिच्यातून धावते ती चर.

कंपनीचं नाव बघून बार का घेऊ नये

चेनच्या बाबतीत जग बऱ्यापैकी एका मापावर आलं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला जोसेफ कॉक्स यांनी नव्या आकाराच्या दात्यांची चेन विकायला सुरुवात केली. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून त्यांना ती सुचली होती. आजच्या जवळजवळ सगळ्या चेन त्याच वंशातल्या आहेत, आणि .३२५, ३/८, .४०४ ही पिचची (चेनच्या रिव्हेटमधल्या अंतराची) इंचातली मापं सगळ्या कंपन्यांना लागू पडतात. त्यामुळे एका कंपनीची चेन दुसरीच्या बारवर बिनतक्रार धावू शकते. बारच्या शेपटाचं तसं कधीच झालं नाही. स्टड किती जाड, दोन स्टडमध्ये अंतर किती, टेन्शनर वर की खाली, तेल कुठून सोडायचं, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या क्रँककेसच्या सोयीने ठरवलं. पुढे सगळ्यांसाठी बार बनवणाऱ्या ऑरेगन कंपनीने प्रत्येक प्रकारच्या शेपटाला एक खूण दिली. बारवर ठोकलेल्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरं म्हणजे ती खूण: डी००९, के०९५, डी०२५, ए०७४, ए०४१ वगैरे. क्रमांकाच्या सुरुवातीचे दोन आकडे लांबी सांगतात, म्हणजे १६ असेल तर १६ इंच, २० असेल तर २०. जुन्या बारवर हा क्रमांक दिसत नसेल तर रॉकेल लावून तारेच्या ब्रशने शेपूट घासा. बऱ्याचदा काजळीखाली तो शाबूत असतो.

कंपनीच्या नावावर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. नावं विकली जातात, मशीनं नाही. आज मॅककुलक या नावाने जी मशीनं येतात ती हस्कवर्नाच्या समूहातून येतात. अमेरिकेतली मूळ मॅककुलक कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून नव्या मॅककुलकचा बार जुन्या १०-१० मॉडेलवर बसेल असं धरून चालणं चूक. होमलाइटचंही तसंच: टेक्स्ट्रॉन, मग १९९४ मध्ये जॉन डिअर, मग आणखी पुढचे मालक. क्राफ्ट्समन हे तर मुळात विक्रेत्याचं नाव, मशीन कुणी वेगळ्यानेच बनवलेलं. अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्यांनी गॅरेज सेलमधून असं मशीन उचललं असेल तर नाव विसरून मॉडेल क्रमांक शोधावा, आणि तोही सापडला नाही तर सरळ व्हर्निअर घ्यावा. उलटही घडतं: योन्सेरेड आणि हस्कवर्ना सत्तरच्या दशकाच्या शेवटी एकाच मालकाकडे, इलेक्ट्रोलक्सकडे आले, आणि नंतरच्या बऱ्याच योन्सेरेडना हस्कवर्नाचाच मोठा बार चालतो. त्याआधीच्या लाल योन्सेरेडबद्दल मात्र हे गृहीत धरू नका.

तेलाचं भोक: खरा घोटाळा इथे आहे

कव्हर काढा, बार काढा आणि मशीनच्या ज्या सपाट भागावर बार टेकतो तिकडे नीट बघा. स्टडच्या जवळपास एक लहान भोक किंवा उभी-तिरकी चर दिसेल. पंपाचं तेल तिथून बाहेर येतं. बारच्या शेपटात, कडेजवळ, एक बारीक भोक असतं. ते सपाट बाजूने शिरून खोबणीत उघडतं. बार आवळला की मशीनची चर आणि बारचं भोक एकमेकांसमोर यायला हवेत. आले, तर तेल खोबणीत शिरतं आणि चेनचे ड्राइव्ह लिंक ते टोकापर्यंत ओढून नेतात. नाही आले, तर तेल बार आणि मशीन यांच्या फटीतून खाली गळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, तेल तर येतंय, मशीनखाली थारोळं आहे की. टाकीही नेहमीच्या वेगाने रिकामी होते. म्हणूनच हा दोष इतके दिवस लपून राहतो.

आता ‘आधी चालत होता, नंतर धूर आला’ याचं कारण. बार एका जागी स्थिर नसतो. चेन ताणली जाते तसा टेन्शनरने आपण बार पुढे सरकवतो, आणि त्याच्याबरोबर तेलाचं भोकही पुढे सरकतं. मूळ बारमध्ये हा प्रवास हिशोबात धरलेला असतो: बार पूर्ण मागे असो की पूर्ण पुढे, भोक मशीनच्या चरीसमोरच राहतं. दुसऱ्या जातीच्या बारचं भोक पहिल्या दिवशी जेमतेम चरीच्या कडेला येतं. चेन नवी असताना तेल मिळतं, दुकानदार खरा ठरतो. चेन थोडी वाढली, बार चार-पाच मिलिमीटर पुढे गेला, की भोक चरीबाहेर जातं आणि तेल बंद. मग माणूस नवी चेन घालतो, बार पुन्हा मागे जातो, तेल पुन्हा सुरू होतं, आणि निदान होतं ‘चेन खराब होती’. काही महिन्यांनी तीच गोष्ट. दर हंगामात चेन आणि बार खाणारं मशीन तुमच्याकडे असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

तपासायची पद्धत सोपी आहे. बार काढून मशीनवरची तेलाची चर आणि तिच्या आसपासची जागा कोरडी पुसा. चरीच्या कडेला फिटर लोक वापरतात तो निळा रंग, तो नसेल तर ग्रीसमध्ये कालवलेली खडूची पूड, बोटाने पातळ लावा. आता चेन न घालता बार स्टडवर ठेवा, टेन्शनरने पूर्ण मागे घ्या, कव्हर लावून नट हाताने आवळा, आणि बार काढून बघा. चरीचा ठसा बारवर उमटलेला असेल. भोक त्या ठशाच्या आत आहे का? मग बार पुसून तीच क्रिया बार पूर्ण पुढे घेऊन करा. मग बार पालटून दोन्ही टोकांना पुन्हा. चारही वेळा भोक ठशाच्या आत असेल तर बार तेलाच्या बाबतीत पास. एका जरी वेळी भोक ठशाच्या काठावर आलं तरी ते जुळलं असं मानू नका, कारण नट आवळताना बार किंचित सरकतोच.

पंपावरचा संशयही त्याच बैठकीत मिटवता येतो. बार आणि चेन दोन्ही काढून मशीन चालू करा आणि थोडा रेस द्या. स्टिलच्या बऱ्याच मशीनांत पंप क्लच ड्रमबरोबर फिरतो, त्यामुळे नुसत्या आयडलवर तेल येणारच नाही, आणि तो दोष नाही. फिरत्या ड्रमपाशी कपडा, बोटं, बाहीचं टोक काही येऊ देऊ नका. चरीतून तेल बाहेर आलं, तर पंप ठीक आहे. मग मशीन बंद करून चेनशिवाय फक्त बार आणि कव्हर लावा आणि पुन्हा रेस द्या. शेपटाजवळच्या खोबणीत तेल भरून वर येताना दिसलं पाहिजे. पहिल्या चाचणीत तेल आलं आणि दुसऱ्यात नाही आलं, तर दोष बारचाच. एकतर भोक जुळत नाही, नाहीतर बुजलंय. बुजलेलं भोक बारीक तारेने साफ करा, आणि खोबणीतला भुसा काढायला जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा वापरा. आपल्याकडे बारला गाडीतून काढलेलं जळकं ऑईल घालण्याची सवय आहे. त्यात भुसा मिसळून भोकात जो चिकट काळा लगदा बसतो, तो सहजासहजी निघत नाही. निदान जुळवणी तपासताना तरी टाकीत स्वच्छ तेल घाला.

खाच आणि स्टड

इथे डोळा हमखास फसवतो, कारण खाच मोठी आणि स्टड बारीक असेल तर बार आत जातोच. स्टिलच्या मोठ्या बारची, म्हणजे डी०२५ प्रकारची, खाच साधारण १२ मिलिमीटर रुंद असते. हस्कवर्नाच्या मोठ्या डी००९ ची साधारण ९, आणि लहान के०९५ ची साधारण ८. म्हणजे स्टिलचा बार हस्कवर्नाच्या स्टडवर सहज जातो आणि तीन मिलिमीटर मोकळा राहतो. नट आवळल्यावर तो घट्ट वाटतो, पण त्याला धरून ठेवणारं फक्त घर्षण. लाकडात दाब आला की बार वर-खाली सरकतो, शेपटाला मिलिमीटरभर हललेला बार टोकाला त्याच्या कितीतरी पट हलतो, चेन सैल पडते आणि उतरते.

हस्कवर्नाच्या लहान आणि मोठ्या बारमध्ये फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. त्यामुळे लहान मशीनवर मोठा बार लावला तर तो जवळजवळ बरोबर बसल्यासारखाच वाटतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण तीन मिलिमीटरची मोकळीक हाताला जाणवते, एकाची जाणवत नाही. व्हर्निअरने स्टड मोजताना आट्यांवर मोजू नका. बार जिथे टेकतो तिथे स्टडला गुळगुळीत खांदा असतो, तो मोजा. खाच शेपटाच्या टोकापाशी आणि आतल्या टोकापाशी अशी दोन ठिकाणी मोजा. जुन्या बारची खाच मधल्या भागात झिजून रुंद झालेली असते, ते माप खरं धरू नका.

टेन्शनरची पिन

थोडक्यात सांगतो. खाचेच्या वर आणि खाली एकेक गोल भोक असतं. टेन्शनरची पिन त्यातल्या एकात बसते, बार पालटला की दुसऱ्यात. भोकाची जागा आणि व्यास दोन्ही जुळायला हवेत. पिन भोकात न जाता बारच्या अंगावर टेकली आणि तुम्ही पान्याने नट आवळला, तर पिन वाकते किंवा कव्हर तडकतं. म्हणून कव्हर आधी हाताने दाबून बघा, ते चारही बाजूंनी सपाट बसल्याशिवाय पाना लावू नका. पिनसाठी भोक थोडं मोठं करावं लागलं तर ते मला चालतं, कारण पिन चेन ताणण्यापुरती आहे, कापताना येणारा भार स्टड घेतात.

कोणत्या मशीनला कोणता बार

स्टिलचं काम तुलनेने सोपं आहे. त्यांच्या मूळ बारवर लांब क्रमांक असतो आणि त्याचे पहिले चार आकडे शेपटाचा प्रकार सांगतात. ३००५ म्हणजे लहान: ०१७, ०१८, ०२१, ०२३, ०२५ आणि नव्या नावाने एमएस १७०, १८०, २१०, २३०, २५०. ३००३ म्हणजे मधला आणि व्यावसायिक वर्ग: ०२६, ०२९, ०३४, ०३६, ०३८, ०४४, ०४६, ०६६, आणि त्यांचे एमएस २६०, २९०, ३४०, ३६०, ४४०, ४६०, ६६०. ३००२ म्हणजे ०७०, ०८८ यांसारखी अवजड मशीनं. ०२५ आणि ०२६ हे नंबर शेजारचे दिसतात, पण त्यांचे बार वेगळ्या कुळातले आहेत, हे लक्षात ठेवा. ऑरेगनच्या भाषेत ३००५ ला ए०७४ आणि ३००३ ला डी०२५.

०७० आणि तिच्या नकला आपल्याकडे अजून विकल्या जातात आणि ठेकेदारांकडे राबताना दिसतात. तिच्यावर मधल्या वर्गाचा बार चढवण्याचा मोह आवरा. हे शंभर सीसीच्या वरचं इंजिन आहे. त्या ताकदीला बारची पकड जराही कमी पडली तर परिणाम वाईट होतात.

हस्कवर्नात ५१, ५५, ३४६ या वर्गाला लहान के०९५, आणि ६१, २६८, २७२, ३६५, ३७२, ३९५ यांना मोठा डी००९. बाजारात ५२००, ५८०० अशा नावांनी येणाऱ्या चिनी मशीनांना बहुधा हस्कवर्नाच्या लहान बारसारखं शेपूट आणि .३२५ पिचची, १.५ मिलिमीटर गेजची (ड्राइव्ह लिंकच्या जाडीची) चेन असते. पण ही मशीनं एका कारखान्यातली नाहीत. पेटीवर तेच नाव असलेल्या दोन मशीनांतही तेलाच्या चरीची जागा वेगळी असू शकते. तिथे ठशाची चाचणी चुकवू नका.

ए०४१ हा घरगुती लहान मशीनांचा प्रकार. पोलन, एको, होमलाइट, क्राफ्ट्समन अशा बऱ्याच नावांच्या लहान मशीनांना तो चालतो. परदेशात जुनं हलकं मशीन मिळालं असेल तर ऑरेगनच्या यादीत तुमच्या मॉडेलसमोर हाच क्रमांक निघण्याची शक्यता चांगली. त्याच नावांच्या मोठ्या जुन्या मशीनांना मात्र तो अजिबात लागू नाही.

इंच सारखे, लिंक वेगळे

बार जुळला, आता चेन. पाकिटावरच्या इंचांवरून चेन घेऊ नका. इंच म्हणजे साधारण कापणीची लांबी, आणि प्रत्येक कंपनी ती आपल्या पद्धतीने गोळाबेरीज करते. १८ इंची, ३/८ पिचच्या बारला स्टिलची चेन ६६ ड्राइव्ह लिंकची, हस्कवर्नाची ६८ ची. .३२५ मध्ये १६ इंचाला स्टिल ६७, हस्कवर्ना ६६. लहान मशीनांच्या ३/८ लो प्रोफाइलमध्ये १४ इंचाला स्टिल ५०, हस्कवर्ना ५२, आणि १६ ला ५५ विरुद्ध ५६. स्टिलचा २५ इंची आणि हस्कवर्नाचा २४ इंची बार मात्र दोन्ही ८४ लिंकचे. चिनी ५८०० च्या ‘२० इंची’ बारला बऱ्याचदा ७६ लिंकची चेन येते, हस्कवर्नाच्या .३२५ च्या २० इंची बारला ८० लागते. म्हणून जुन्या चेनचे लिंक मोजा, आणि बारची जात बदलली असेल तर नव्या बारवर चेन प्रत्यक्ष घालून बघा. टेन्शनर पूर्ण मागे असताना चेन जेमतेम चढली पाहिजे आणि पुढे ताणायला भरपूर जागा उरली पाहिजे.

पिच मोजायचं तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं, पहिल्या ते तिसऱ्याचं अंतर मोजून अर्धं करा. .३२५ साठी ते ८.२५ मिलिमीटर येतं, .४०४ साठी १०.२६. बारच्या टोकाचं चक्र, क्लचवरचं स्प्रॉकेट आणि चेन, तिघांचं पिच एकच हवं. ३/८ लो प्रोफाइल आणि साधं ३/८ यांचं नाव सारखं असलं तरी त्यांची अदलाबदल करू नका. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी: १.१, १.३, १.५, १.६ मिलिमीटर. १.६ च्या खोबणीत १.५ ची चेन धावते, पण एका अंगाला कलते आणि काप तिरका जातो. स्टिलच्या मोठ्या बारना बहुधा १.६ असतं आणि हस्कवर्नांना १.३ किंवा १.५, म्हणून जात बदलताना ही चूक हमखास होते.

बुश, कानस आणि ड्रिल

योग्य बार मिळतच नसेल तेव्हा काय करायचं? रुंद खाचेचा बार बारीक स्टडवर लावण्यासाठी पोलादी बुश (स्टडवर चढवायच्या कड्या) मिळतात, आणि लेथवाल्याकडून करूनही घेता येतात. आतला व्यास स्टडच्या खांद्याला घट्ट, बाहेरचा खाचेला घट्ट, आणि जाडी बारपेक्षा किंचित कमी. जाडी बारपेक्षा जास्त झाली तर कव्हर बुशवर टेकेल आणि बार दाबलाच जाणार नाही. तो फार धोक्याचा प्रकार. बुश ॲल्युमिनियमचे करू नका, ते चेपतात. बुश लावला की लोकांना वाटतं काम झालं. तेलाचं भोक अजून बाकी आहे, ठशाची चाचणी बुश लावून पुन्हा करा.

उलट काम, म्हणजे जाड स्टडसाठी अरुंद खाच कानशीने वाढवणं, मी कुणाला सुचवत नाही. खाचेच्या दोन्ही कडा समांतर राहत नाहीत, बार तिरका आवळला जातो आणि खोबण स्प्रॉकेटच्या रेषेतून बाहेर जाते. मिलिंग मशीनवर कुणी नीट करून देत असेल तर गोष्ट वेगळी.

तेलाचं भोक दुरुस्त करता येतं, आणि हे करण्यासारखं काम आहे. ठशाची जागा जुन्या भोकाच्या जवळच असेल तर नवं भोक पाडू नका. लहान ग्राइंडिंग दगडाने बारच्या सपाट अंगावर ठशापासून जुन्या भोकापर्यंत उथळ चर खणा. ती मशीनच्या अंगावर दाबली गेली की तेलाला बंद वाट मिळते. ठसा लांब असेल आणि नवं भोक पाडावंच लागलं तर कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग आणि कटिंग ऑईल घ्या. मशीनकडच्या बाजूने खोबणीत उघडेल एवढंच पाडा, आरपार नको. कड कठीण केलेली असते, म्हणून भोक कडेपासून आत ठेवा. काम झाल्यावर खोबणीच्या आतला बर (भोकाच्या कडेला राहिलेली धातूची कोर) पातळ कानशीने काढा, नाहीतर तो चेनच्या लिंकना कोरत बसतो. बार पालटला की मशीनकडे त्याचं दुसरं अंग येतं आणि खालची कड वर जाते, म्हणून दुसऱ्या अंगावर, विरुद्ध कडेपाशी, हेच सगळं पुन्हा करा.

बार थोडा जाड किंवा पातळ असल्यामुळे खोबण रेषेतून हलली असेल तर ड्रमवर सरकणारं रिम स्प्रॉकेट थोडंफार सांभाळून घेतं. जुन्या मशीनांतलं ड्रमला पक्कं जोडलेलं तारा स्प्रॉकेट सांभाळत नाही. तिथे बारमागची पातळ पत्र्याची प्लेट हरवलेली नाही ना, हे आधी बघा. साफसफाईत ती पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बार मागवताना आणि लावल्यावर

झिजलेला मूळ बार टाकू नका. नव्या बारवर त्याचं शेपूट ठेवून खाच, दोन्ही पिनची भोकं आणि तेलाची भोकं एका नजरेत ताडून बघता येतात. दुकान लांब असेल तर कागद शेपटावर ठेवून पेन्सिल आडवी घासा, सगळी भोकं खऱ्या मापात उमटतात. त्या कागदावर स्टडच्या खांद्याचा व्यास, खाचेची रुंदी, पिच, गेज आणि लिंकची संख्या लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि दुकानदाराला पाठवा. नुसतं ‘५८ सीसीला २२ इंची’ असं सांगितलं तर तो हाताशी असेल तो बार देणार.

बार बसवताना टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. चेन हाताने ओढून सुरळीत फिरते का पाहा, मग मशीन चालू करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर किंवा ताज्या कापलेल्या बुंध्यासमोर, न टेकवता, धरा आणि रेस द्या. काही सेकंदांत तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पहिली दोन-तीन झाडं झाल्यावर मशीन थंड होऊ द्या, चेन पुन्हा ताणा आणि पुठ्ठ्याची चाचणी पुन्हा करा. बार आता थोडा पुढे सरकलेला असतो. याही वेळी रेघ उमटली तर बार ठेवा. रेघ पुसट झाली किंवा उमटलीच नाही, तर बार काढून ठशाच्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करा, आणि तोवर त्या मशीनने कापू नका.